अथ संशयित-येणे-मीमांसा

कोणत्याही मोठ्या कंपनीचा वार्षिक अहवाल हाती घ्यावा. पहिली तीस-चाळीस पाने गुळगुळीत कागदाची असतात. त्यांत अध्यक्षांचे मनोगत असते, हेल्मेट घातलेले हसरे कामगार असतात, आणि ग्राहक हा आमच्या कुटुंबाचाच घटक आहे असे कुठेतरी मोठ्या टायपात छापलेले असते. मग कागद बदलतो, टाइप बारीक होतो, टिपांचे रान सुरू होते. त्या रानात 'व्यापारी येणी' या मथळ्याखाली कंसात एक आकडा दबा धरून बसलेला असतो: संशयित येण्यांसाठी केलेली तरतूद. कुटुंबातले घटक मिळून किती पैसे बुडवणार, याचा तो अंदाज.

वॉरंटीचीही तरतूद असते, पण तो आपल्याच मालावरचा अविश्वास झाला. गिऱ्हाइकावरचा अविश्वास रुपयांत मोजून दाखवणारी ओळ ही एवढीच. तरीही विद्वानांनी तिच्याकडे पाठ फिरवली आहे. शिलालेखातल्या पुसट काना-मात्रेवरून, पेशव्यांच्या मुदपाकखान्यात किती तूप लागे यावरून आणि मोडीतल्या एका फराट्यावरून आपल्याकडे लोक हमरीतुमरीवर आले. या ओळीवरून कोणी साधा खाकरलाही नाही. ती उणीव भरून काढण्याचे प्रस्तुत लेखकाने मनावर घेतले आहे.

आधी व्याख्या. माल उधारीवर दिला की येणे तयार होते. सगळी येणी येत नाहीत, हे ज्ञान व्यापाराइतकेच जुने आहे. न येणारी नेमकी कोणती, एवढेच अगोदर कळत नाही. म्हणून कोणाचेही नाव न घेता एकूण येण्यांतून काही रक्कम आधीच वजा धरतात आणि नफा तेवढा कमी दाखवतात. बुडीत म्हणजे ज्याची आशा सोडली ते. संशयित म्हणजे ज्याची आशा सोडलेली नाही, पण ज्याच्या भरवशावर नव्या गाळ्याचा विसारही दिलेला नाही, ते.

या विषयाची शास्त्रीय बैठक आपल्याकडे फार पूर्वी घातली गेली आहे. गौतमाच्या न्यायसूत्रांनी सोळा पदार्थ सांगितले. प्रमाण आणि प्रमेय यांच्या मागोमाग तिसरा मान संशयाला आहे. नैयायिकांचे ठरलेले उदाहरण असे: अंधुक उजेडात दूर काहीतरी उभे दिसते. तो खांब की माणूस? उंची दोघांनाही असते, हातपाय दिसण्याइतका उजेड नसतो, आणि मन दोन्हीकडे झुलते. ३१ मार्चच्या संध्याकाळी लेखापालाची अवस्था तंतोतंत हीच असते. दूरवर गिऱ्हाईक उभे आहे. ते पैसे घेऊन निघाले आहे की नुसतेच उभे आहे, हे दिसत नाही. फरक एवढाच की नैयायिक अशा वेळी जवळ जाऊन पाहायला सांगतो; लेखापाल जवळ जात नाही, तो पाच टक्के लावतो.

पाच टक्केच का, हा या शास्त्रातला सर्वांत गूढ प्रश्न. महाराष्ट्रात वाणिज्य शाखेतून बारावी झालेल्या कोणालाही झोपेतून उठवून विचारा. तेरीज पत्रकाखालच्या समायोजनांमध्ये 'ऋणकोंवर ५% संशयित बुडीत कर्ज निधी निर्माण करा' हे वाक्य त्याला तोंडपाठ असते. लाडाने त्याला आर.डी.डी. म्हणतात. व्यापार कापडाचा असो की खताचा, गाव कोणतेही असो, बुडण्याचे प्रमाण ठरलेले. पुस्तपालनाच्या त्या विश्वात दुष्काळ पडत नाही, गिरणी बंद होत नाही, नोटा रद्द होत नाहीत, कोणी रातोरात सुरतेला पळून जात नाही. यामागे सखोल सांख्यिकी असावी असे काही काळ वाटते. पण ६०,००० चे पाच टक्के मनातल्या मनात काढता येतात आणि ४.७ टक्के काढता येत नाहीत, हे लक्षात आले की गूढ उकलते. निधीचा दर ऋणकोच्या चारित्र्यावर अवलंबून नसून परीक्षार्थीच्या पाढ्यांवर अवलंबून आहे.

त्याच वर्गात एक सूत्रही पाठ करून घेतले जाते: जुने बुडीत कर्ज, अधिक नवे बुडीत कर्ज, अधिक नवा निधी, वजा जुना निधी. पुढे घर-संसारात ते कोणाला आठवत नाही. पण त्यातले शेवटचे तीन शब्द नीट ध्यानात ठेवावेत. 'वजा जुना निधी' याचा अर्थ असा की गेल्या वर्षी घेतलेला संशय यंदाच्या खर्चातून वजा होतो. म्हणजे संशय साठवून ठेवता येतो, आणि हवा तेव्हा वापरता येतो. त्याचे परिणाम पुढे येतीलच.

पाच टक्क्यांचा भोळा काळ मोठ्या कंपन्यांपुरता आता सरला आहे. जुन्या आंतरराष्ट्रीय मानकाप्रमाणे आधी काहीतरी बिघडावे लागे, मग संशय घेता येई. २००८ च्या आर्थिक संकटात ही सभ्यता फार महाग पडली. मग आयएफआरएस ९ हे नवे मानक आले. आंतरराष्ट्रीय पातळीवर ते १ जानेवारी २०१८ पासून लागू झाले, आणि त्याचे भारतीय भावंड इंड-एएस १०९ आपल्या मोठ्या कंपन्यांना २०१६ पासूनच टप्प्याटप्प्याने लागू झाले होते. या मानकाचे म्हणणे असे की येणे जन्माला येताच त्याच्या मरणाचा अंदाज बांधावा. आयएफआरएस ९ सोबतच्या उदाहरणात तीन कोटींची येणी असलेली एक काल्पनिक कंपनी आहे. तिथे अजून मुदतही न संपलेल्या गिऱ्हाइकावर ०.३ टक्के संशय घेतला आहे. तीस दिवसांपर्यंत उशीर झाला की १.६, साठपर्यंत ३.६, नव्वदपर्यंत ६.६, आणि नव्वदच्या पुढे १०.६ टक्के. बेरीज बरोबर पाच लाख ऐंशी हजार. ज्याने अजून काहीही केलेले नाही त्याच्यावरही ०.३ टक्के! पुण्यात नवा भाडेकरू आला की घरमालकाच्या नजरेत जे असते ते प्रथमच दशांश चिन्हासह नोंदले गेले, हे या मानकाचे ऐतिहासिक श्रेय होय.

मात्र या शोधाचा अग्रमान पाश्चात्यांना देण्यास प्रस्तुत लेखकाची हरकत आहे. 'उधारीचे पोते सव्वा हात रिते' ही म्हण पाहावी. उधारीवर माल नेणाऱ्याचे पोते दुकानदार कमी भरतो, हा तिचा भावार्थ. म्हणजे दुकानदार तरतूद वहीत करत नाही, पोत्यात करतो. वर्षअखेरीची वाट न पाहता, विक्रीच्या क्षणीच, आणि तीही मालाच्या रूपात. अपेक्षित हानीचे तत्त्व याहून शुद्ध स्वरूपात हे मानक रचणाऱ्या लंडनच्या मंडळालाही मांडता आलेले नाही. तरतुदीचा दरही काढता येतो. एक हात म्हणजे अठरा इंच. सव्वा हात साडेबावीस इंच. शंभर किलोचे तागाचे पोते चव्वेचाळीस इंच लांब असते. भागाकार केला की ५१ टक्के येतात. बारावीचे पाच, आयएफआरएसचे जास्तीत जास्त १०.६, आणि आपल्या पूर्वजांचे एक्कावन्न. यावरून पूर्वजांना माणसाची पारख अधिक होती की नफा, यावर तूर्त मौन बाळगलेले बरे. दुकानांत टांगलेल्या त्या जुन्या चित्रातही हेच दिसते: एका बाजूला रोखीने विकणारा गलेलठ्ठ शेठ, तिजोरी उघडी; दुसऱ्या बाजूला उधारीने विकणारा, डोक्याला हात, आजूबाजूला उंदीर. ते चित्र म्हणजे शंभर टक्के तरतुदीचा ताळेबंद आहे, आणि त्याला एकही टीप जोडावी लागलेली नाही.

आता मुख्य प्रतिपाद्य. एका वर्षाची तरतूद पाहून काहीच कळत नाही. पाच टक्के हे जास्त की कमी, हे देवही सांगू शकणार नाही. चार-पाच वर्षांचे आकडे शेजारी-शेजारी मांडले की मात्र ती ओळ बोलू लागते. समजा, एका कंपनीची विक्री ४०० कोटी, येणी १०० कोटी आणि तरतूद ५ कोटी आहे. पुढच्या वर्षी विक्री ४४० कोटी झाली, येणी १३० कोटी झाली, आणि तरतूद मात्र साडेचार कोटींवर आली. विक्री दहा टक्क्यांनी वाढली, येणी तीस टक्क्यांनी, आणि संशय घटला. पैसे यायला पूर्वी सरासरी ९१ दिवस लागत, आता १०८ लागतात. लोक उशिरा देऊ लागले तसतसा कंपनीचा त्यांच्यावरचा जीव वाढत गेला. अशी माया आईलाच शक्य आहे.

पोट उघडून पाहिले तर हिशेब असा निघतो. सुरुवातीची तरतूद ५ कोटी. त्यातून वर्षभरात दीड कोटी खरोखरच बुडाले म्हणून लिहून काढले. नव्याने भर घातली फक्त एका कोटीची. उरले साडेचार. जुनाच पाच टक्क्यांचा दर धरला असता तर तरतूद साडेसहा कोटी हवी होती, म्हणजे भर तीन कोटींची. मधले दोन कोटी कुठे गेले? नफ्यात. एक पैसा आला नाही, एक नग जास्त विकला नाही. नुसता संशय आवरला आणि दोन कोटी मिळाले. मनाचा मोठेपणा एवढा किफायतशीर दुसऱ्या कुठल्याही धंद्यात नाही.

पूर्वपक्षी म्हणतील, गिऱ्हाईक खरोखरच सुधारले असेल. शक्य आहे. पण सुधारलेले गिऱ्हाईक लवकर पैसे देते. दिवस ९१ वरून ८० वर आले असते आणि मग तरतूद उतरली असती, तर आम्ही पेढे वाटले असते. दिवस वाढताहेत आणि तरतूद उतरते आहे, या दोन गोष्टी एकत्र दिसल्या की गिऱ्हाइकाचा अभ्यास थांबवून व्यवस्थापनाचा सुरू करावा. ही तरतूद ऋणकोची नाडी सांगते असा समज आहे. ती सांगते संचालकांची: यंदा नफा कमी पडतो आहे की उतू जातो आहे.

उतू जाणाऱ्या वर्षीचा प्रकार तर अधिक रोचक. नफा भरपूर आहे तेव्हा तरतूद फुगवून ठेवायची आणि वाईट वर्षी तीच परत घ्यायची. दिवाळीचे लाडू वरच्या फळीवरच्या डब्यात दडवून ठेवावेत आणि पाहुणे आले की काढावेत, तसे. सप्टेंबर १९९८ मध्ये अमेरिकेच्या रोखे आयोगाचे अध्यक्ष आर्थर लेव्हिट यांनी न्यूयॉर्क विद्यापीठातल्या भाषणात या खोडीला जाहीरपणे हात घातला. त्यांच्याकडे लाडू नसल्याने त्यांनी बिस्किटांच्या बरणीचा दाखला दिला. योगायोग असा, की सनबीम ही टोस्टर आणि बार्बेक्यूच्या शेगड्या करणारी कंपनी त्याच सुमारास गाजत होती. १९९६ मध्ये अल डनलॅप तिथे आले. त्या वर्षाचा तोटा जमेल तेवढा मोठा दाखवून तरतुदींची बरणी भरली गेली आणि १९९७ चा नफा त्यातून सजवला गेला, असा रोखे आयोगाचा आरोप होता. जोडीला, हिवाळ्यात शेगड्या 'विकल्या' जात होत्या. भर थंडीत अंगणातली शेगडी कोण घेतो, असा प्रश्न आपल्याकडच्या कोणत्याही सासूने विचारला असता. तिथे तो विचारायला वेळ लागला.

हे परदेशातच होते असे नाही. आपल्या बँकांनाही बरीच वर्षे आपल्या कर्जदारांवर फारसा संशय नव्हता. २०१५ च्या सुमारास त्यांची ढोबळ अनुत्पादक कर्जे चार-साडेचार टक्क्यांच्या आसपास होती. मग रघुराम राजन गव्हर्नर असताना रिझर्व्ह बँकेने मालमत्तांच्या गुणवत्तेची झाडाझडती घेतली आणि मार्च २०१८ पर्यंत हा आकडा ११.२ टक्क्यांवर गेला. या तीन वर्षांत देशातले कारखानदार एकाएकी बिघडले नव्हते. बराचसा बिघाड जुनाच होता. नवीन आले होते ते बघणारे डोळे.

येण्याचे वय हा या शास्त्रातला सर्वांत नाजूक भाग, आणि इथे तीन वर्षे या आकड्याला विलक्षण महत्त्व आहे. १९६३ च्या मुदत कायद्याप्रमाणे साध्या येण्यासाठी तीन वर्षांच्या आत दावा लावावा लागतो. हा तीनचा आकडा जुना आहे, आणि त्याचा इतिहास मात्र थट्टेचा नाही. १८५९ च्या मुदत कायद्याने कर्जरोख्यांना तीन वर्षांची मर्यादा घातली ती कुळांवर व्याजाचे डोंगर चढू नयेत म्हणून. सावकारांनी दर तीन वर्षांनी जुना रोखा फाडून थकलेले व्याज मुद्दलात मिळवायचे आणि नव्या रोख्यावर अंगठा घ्यायचा, अशी वाट काढली. येणे कधी म्हातारेच होऊ द्यायचे नाही! त्या पुस्तकांत संशयित असे काही नव्हतेच. जमीन तारण असताना संशय कशाला? १२ मे १८७५ रोजी पुणे जिल्ह्यातल्या सुपे गावी आठवड्याच्या बाजारात शेतकऱ्यांनी सावकारांकडे वह्या आणि रोखे मागितले आणि त्यांची होळी केली. आसपासच्या गावांत आणि नगरकडे हे लोण पसरले. चौकशी आयोग बसला आणि १८७९ मध्ये दख्खनच्या शेतकऱ्यांसाठी वेगळा कायदा करावा लागला. सरकारी अहवालांनी याला दंगे म्हटले. तरतुदीच्या अभ्यासकाने एवढेच नोंदवावे की जे येणे धनको लिहून काढत नाही, ते कधीकधी ऋणको जाळून काढतो.

आजच्या कंपन्यांना येण्यांचे वय झाकता येत नाही. कंपनी कायद्याच्या तिसऱ्या अनुसूचीत मार्च २०२१ मध्ये दुरुस्ती झाली, आणि तेव्हापासून येण्यांची वयानुसार शिरगणती छापावी लागते: सहा महिन्यांखालची, सहा महिने ते एक वर्ष, एक ते दोन, दोन ते तीन, आणि तिनाच्या वरची. उभे पाच रकाने, आणि इंड-एएस पाळणाऱ्यांसाठी आडव्या सहा ओळी. ओळींत वादग्रस्त आणि बिनवादाची असे दोन गट; प्रत्येकात चांगली समजलेली, जोखीम वाढलेली आणि पत खचलेली असे तीन प्रकार. हा तक्ता अत्यंत शास्त्रशुद्ध आहे आणि शास्त्रशुद्धतेच्या भरात त्यात एक चौकोन असा तयार झाला आहे, की तो पाहून प्रस्तुत लेखकाचे हात जोडले गेले: वादग्रस्त, तीन वर्षांहून जुनी, आणि तरीही चांगली समजलेली येणी. गिऱ्हाईक म्हणते आमचे काही देणे नाही, तीन वर्षे उलटली, खटला चालू आहे, आणि कंपनी म्हणते माणूस मनाने चांगला आहे. नव्या अहवालात आधी हा चौकोन शोधावा. तिथे शून्य असेल तर बाकीचे सावकाश वाचले तरी चालते.

वय कमी करण्याची एक कायदेशीर जडीबुटीही आहे. मुदत संपण्याआधी ऋणकोने लेखी कबुली दिली की तीन वर्षे पुन्हा पहिल्यापासून मोजतात. म्हणून मार्च-एप्रिलमध्ये बाकी जुळवण्याची पत्रे जातात: आमच्या पुस्तकांप्रमाणे आपल्याकडून अमुक येणे आहे, कृपया सही करून परत पाठवावे. देणेकरी ही पत्रे मोठ्या आदराने फायलीत लावतो आणि सही करत नाही. मग पत्राच्या तळाशी ठसक्यात छापतात, की पंधरा दिवसांत उत्तर न आल्यास बाकी मान्य आहे असे समजले जाईल. मौनाला संमती समजून लेखापरीक्षकाची फाईल भरते. पण कायद्याला सही लागते, त्यामुळे मुदत तसूभरही वाढत नाही.

तरतुदीचा शेवट दोन प्रकारे होतो. एक, येणे खरेच बुडते. मग ते पुस्तकातून लिहून काढतात, आणि इथे प्राप्तिकराचा स्वभाव दिसतो. प्राप्तिकर कायद्याप्रमाणे साध्या व्यापाऱ्याला नुसत्या तरतुदीची वजावट मिळत नाही. येणे लिहून काढले तर मिळते. बुडाल्याचा पुरावा हवा का, यावर वर्षानुवर्षे भांडणे चालली. २०१० मध्ये टीआरएफ कंपनीच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की १ एप्रिल १९८९ नंतर तो सिद्ध करण्याची गरज नाही, पुस्तकात लिहून काढले की पुरे. सारांश, संशय घेणाऱ्याला कर भरावा लागतो. आशा सोडणाऱ्याला सवलत आहे.

दुसरा प्रकार क्वचित घडतो. लिहून काढलेला इसम तीन-चार वर्षांनी दुकानाच्या पायऱ्या चढतो, घाम पुसतो आणि पाकीट पुढे करतो. मुलगा नोकरीला लागलेला असतो, किंवा जमीन विकलेली असते, किंवा नुसतीच झोप येत नसते. मालक चहा मागवतो. पण पुस्तकाचा नियम कडक आहे. आलेली रक्कम त्याच्या खात्यावर जमा करायची नाही, कारण त्याचे खाते केव्हाच मिटले. ती 'बुडीत कर्ज वसुली' खात्यात जमा करायची, आणि पूर्वी वजावट घेतली असेल तर तिच्यावर करही भरायचा. बारावीच्या परीक्षेत दर वर्षी काही मुले न राहवून ती रक्कम त्या माणसाच्याच नावावर जमा करतात. त्यांचा गुण कापला जातो.